मृगया, शिकार आणि पारध : मावळच्या संदर्भात रानाच्या हक्काचा विचार

१

मराठीतील शिकारविषयक लेखनाची चर्चा बहुधा तीन अंगांनी झालेली दिसते : शिकाऱ्याचे साहस, रानाचे वर्णन आणि प्राण्यांविषयीची करुणा. या तिन्ही अंगांचे महत्त्व मान्य करूनही एक प्राथमिक प्रश्न मागे उरतो. ज्या रानात शिकार घडते ते रान कोणाचे, आणि परक्या मुलखातून आलेल्या माणसाला तेथे पाऊल टाकण्याची मुभा कोण देतो? नव्या राज्यात बिऱ्हाड हलविणाऱ्या शिकारी माणसापुढे सावज शोधण्याआधी हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात मावळ आणि लोणावळ्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

या संदर्भात मराठीतील तीन शब्द लक्षणीय ठरतात. 'मृगया' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द 'मृग्' म्हणजे शोधणे या धातूशी जोडलेला आहे. 'मार्ग' या शब्दाचाही 'मृग'शी संबंध सांगितला जातो. म्हणजे वाट ही मुळात जनावराचा माग. 'शिकार' हा शब्द फारसीतून आला. 'पारध' हा शब्द प्राकृत 'पारद्धि'च्या वाटेने आला असून त्याचे मूळ संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दात दाखविले जाते. एकाच कृतीची ही तीन नावे समानार्थी मानली जातात. परंतु प्रत्येक नावामागे रानाशी असलेले नाते वेगळे आहे. मृगया राजा करतो, शिकार परवानाधारक करतो आणि पारध पोटासाठी केली जाते.

२

मृगयेची शास्त्रशुद्ध मांडणी दख्खनमध्येच झालेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया, श्वान आणि श्येन यांचा समावेश आहे. तेथे हरिण मिळविण्याच्या अनेक युक्त्या सविस्तर येतात. रान कोणाचे, हा प्रश्न मात्र उपस्थित होत नाही. राजाची सत्ता जेथवर पोहोचते तेथवर त्याची मृगयाभूमी, हे तेथे गृहीत आहे.

या गृहीताला मर्यादा घालणारा प्रसंग कालिदासाच्या शाकुंतलात आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणल्यापासून मराठी प्रेक्षक तो ओळखतात. हरणाचा पाठलाग करीत आलेल्या दुष्यंताला तपस्वी अडवतो, कारण ते हरिण आश्रमाचे आहे. राजाही एका सीमेपाशी थांबतो. ही सीमा कोणी मोजून आखलेली नाही. ती केवळ तपस्व्याच्या शब्दावर उभी आहे आणि राजाने तो शब्द मानला म्हणून टिकली आहे.

मराठी गद्याच्या आरंभकाळातही असाच प्रसंग भेटतो. म्हाइंभटाच्या 'लीळाचरित्रा'तील, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेली ससिकरक्षणाची लीळा पदवीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि मागून आलेले पारधी तो परत मागतात. या लीळेचे विवेचन अहिंसेच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. तथापि पारध्यांच्या मागणीचा आधारही पाहावयास हवा. ससा आपण उठविला, त्याच्यावर पैज लागली, म्हणून तो आपला, असा त्यांचा दावा आहे. म्हणजे तेथे सावजावरील हक्क पाठलागाने सिद्ध होतो, आणि शरणागताला अभय देणाऱ्याच्या जागेपाशी तो संपतो. दुष्यंताचे हरिण आणि पारध्यांचा ससा या दोहोंतून एकच सूत्र निघते : शिकारीची भूमी ही मान्यतेने ठरते.

३

एकोणिसाव्या शतकात या मान्यतेचे स्वरूप बदलले. शब्दाच्या जागी कागद आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि खंडाळा-लोणावळा ही ठिकाणे मुंबईच्या आवाक्यात आली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची विभागणी केली आणि त्याच वर्षीच्या शस्त्रकायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जंगलखात्याने डोंगरदऱ्या आणि चराऊ राने आपल्या ताब्यात घेतल्याबद्दल जी तक्रार नोंदविली, ती या बदलाची समकालीन साक्ष आहे. फुल्यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू शेतकरी आणि त्याची गुरे हा आहे. पण ज्याच्याजवळ शेतही नव्हते आणि गुरेही नव्हती, त्याचे रानही त्याच कागदाने गेले.

'शिकार' हा शब्द आज ज्या अर्थच्छटेसह वापरला जातो ती छटा या काळात पक्की झाली. शिकारी म्हणजे बंदूक, परवाना, मचाण, हाकारे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्यानेही परवान्याची चौकट कायम ठेवली. या चौकटीत परका माणूस अडत नसे. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली झालेला अधिकारी नव्या ठिकाणी अर्ज करून शिकारीला जाऊ शकत असे. वाट दाखविण्यासाठी, रान उठविण्यासाठी आणि माग काढण्यासाठी त्याला स्थानिक माणूस मिळत असे. ज्ञान एकाचे आणि हक्क दुसऱ्याचा, ही शिकारकथेची अंतर्गत रचना आहे. साहेबाला वाघापर्यंत नेणारा वाटाड्या कथेत नावानिशी आला तरी कथा त्याची होत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीचा मार्ग जवळजवळ बंद केला. याच काळात मराठी लेखकाची दृष्टीही बदलली. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा छंद होता. पुढे ते बंदुकीपेक्षा निरीक्षणाकडे वळले. त्यांच्या 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीत वानरांच्या टोळ्या, त्यांचे प्रदेश आणि त्या प्रदेशांसाठीचा संघर्ष आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या कृतीचे प्रस्तुत संदर्भातील वैशिष्ट्य असे, की 'रान कोणाचे' हा प्रश्न ती प्राण्यांच्या पातळीवर विचारते. नव्याने आलेल्या नराला रान मिळते ते जुन्याला हटवून. माणसांच्या बाबतीत हाच प्रश्न इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला आहे.

४

पारधीच्या परंपरेत जगणाऱ्यांचा मावळातील पुरावा आता पाहू. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत, तसेच घाटाखाली कर्जत-खालापूरकडे कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. खैरापासून काथ काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. गलोल, फासे आणि कुत्रा ही त्यांची साधने. ससा, घोरपड, रानपाखरे, उंदीर, खेकडे आणि ओढ्यातील मासे हा त्यांच्या अन्नाचा भाग. रामाला साहाय्य करणाऱ्या वानरांशी आपले नाते सांगणारी परंपरा त्यांच्यात नोंदली गेली आहे. रानावरचा आपला अधिकार सांगण्याची ही एक पद्धत म्हणून वाचता येते : दप्तरात नाव नसलेला समाज आपले नाव पुराणकथेत नोंदवितो.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून मावळचे भूरूपच पालटले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील जलाशयांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. ठोकरवाडीच्या धरणाने आंध्रा नदीचे पाणी भिवपुरीकडे वळविले. मुळशी येथील धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह हा जमीन गमावणाऱ्या मावळ्यांचा लढा होता. या लढ्याला इतिहासात आणि साहित्यात स्थान मिळाले, कारण गेलेली जमीन कोणाच्या तरी नावावर होती. सातबाऱ्यावर नसलेले रान बुडाले तेव्हा त्याचा मोबदला कोणी मागावा, याला उत्तर नव्हते. आजही अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि कोळसाभट्ट्यांकडे जातात.

स्थलांतराची ही वाट राज्याची हद्दही ओलांडते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील कोटडा आणि झाडोल भागात काथोडींची वस्ती आहे. काथ पाडण्यासाठी ठेकेदारांनी नेलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबांचे ते वंशज मानले जातात. उलट दिशेचे उदाहरण फासेपारध्यांचे आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या या समाजाची बोली गुजरातीला जवळची असून ग्रियर्सनच्या भाषापाहणीत ती भिल्ली भाषांच्या खंडात येते. बोलीच त्यांच्या जुन्या प्रवासाचा दाखला देते. त्यांना नवा मुलूख मिळाला, पण त्यासोबत संशयही मिळाला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी फिरस्त्या जीवनालाच गुन्ह्याचे रूप दिले आणि १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही नाव पुसले गेले नाही. राजाने हरिण मारले तर मृगया, साहेबाने मारले तर शिकार आणि पारध्याने मारले तर चोरी, अशी ही श्रेणी आहे.

मराठी आत्मकथनांनी या श्रेणीला उत्तर दिले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' या तिन्ही शीर्षकांत समाजाने दिलेले नाव लेखकाने स्वतःच्या हातात घेतले आहे. यांपैकी 'बेरड' येथे विशेष महत्त्वाचे आहे. कन्नड 'बेड' म्हणजे शिकारी. बेळगाव परिसरातील हा समाज १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जागचा न हलता नव्या राज्यात गेला. पुढे कर्नाटकात बेडर समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला; महाराष्ट्रात बेरड विमुक्त जातींच्या यादीत राहिले. सीमेच्या दोन बाजूंना एकाच शिकारी समाजाची दोन शासकीय नावे झाली. एका राज्यातील अनुसूचित दर्जाचे लाभ स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केले. परवाना नव्या राज्यात मागता येतो. ओळख मात्र जुन्या राज्यातच राहते.

या पार्श्वभूमीवर गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'चा उल्लेख आवश्यक आहे. १९७७ च्या चित्रपटामुळे सर्वदूर पोहोचलेली ही कथा घाटाखालच्या ठाकरांची आहे. लिंगोबाच्या डोंगरावरील पोळ्याचा नाग्याने धरलेला ध्यास हा एका अर्थी पारधीचाच ध्यास आहे. नाग्याला डोंगर कोणाला मागावा लागत नाही. त्याची झुंज थेट राणीमाशीशी आहे. कथेला लाभलेली उंची या निःशंक हक्कातून येते. परंतु त्यामुळेच जंगलखाते, सावकार आणि दप्तर या कथेच्या कडेला राहतात. 'उपरा' आणि 'जैत रे जैत' एकत्र वाचल्यास एकीत हक्क आहे आणि दुसरीत त्याचा संपूर्ण अभाव, हे ध्यानात येते.

५

वनहक्क कायद्याने (२००६) वनवासी समाजांचे अनेक हक्क मान्य केले : कसत असलेली जमीन, गौण वनोपज, फिरत्या समाजांचा हंगामी वापर, आदिम समूहांचा अधिवास. इतर परंपरागत हक्कांनाही त्याने जागा दिली, मात्र शिकारीचा आणि सापळे लावण्याचा हक्क शब्दशः वगळून. वन्यजीवांची आजची अवस्था पाहता या अपवादामागील कारण समजण्यासारखे आहे, आणि पारध पुन्हा सुरू व्हावी असा येथे आग्रह नाही. परंतु त्याचा एक परिणाम अभ्यासकांनी लक्षात घ्यावयास हवा. कायद्याच्या दृष्टीने पारध हा हक्क कधी नव्हताच, असे चित्र यापुढे रूढ होईल. तो हक्क कसा होता, कोणाच्या मान्यतेवर उभा होता आणि कसा गेला, हे सांगणारा पुरावा मुख्यतः भाषेत, कथनात आणि मौखिक परंपरेत उरतो.

बोरघाटातील शिंग्रोबाची आख्यायिका हा त्याचा बोलका नमुना आहे. घाटातून रस्ता कसा न्यावा हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने आपल्या पायवाटेने त्याला नेले. काम होताच साहेबाने त्याचा जीव घेतला, असे लोक सांगतात. घाटात त्याचे देऊळ आहे आणि येणारी-जाणारी वाहने तेथे थांबतात. आख्यायिकेची ऐतिहासिकता सिद्ध करण्याची येथे गरज नाही. माग जाणणारा माणूस मार्ग देऊन बसतो आणि मार्गावरचा हक्क गमावतो, हा लोकस्मृतीने नोंदविलेला अनुभव आहे. मृग, माग आणि मार्ग यांचे कोशातील नाते लोकांनी कथेत असे सांभाळले.

शिकारविषयक साहित्यकृती शिकविताना म्हणूनच सावज कोणी मारले यासोबत आणखी तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल : रानात जाण्याची परवानगी कोणी दिली, वाट कोणी दाखविली आणि कृतीला नाव कोणी दिले. मावळातील महाविद्यालयांना यासाठी दूर जावे लागत नाही. वाघूर, फासा, गलोल, दबा, हाकारा ही शब्दसंपत्ती. वाटांची, पाणवठ्यांची आणि राखलेल्या जागांची नावे. कुठे मारावे आणि कुठे मारू नये याचे संकेत, हे सारे वाड्यांतील वृद्धांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. तरुण पिढी वीटभट्टीवर वाढते आहे आणि तिच्या बोलण्यातून हे शब्द गळत आहेत. पारध गेली तरी तिने घडविलेली रानाची भाषा नोंदविणे शक्य आहे. ते काम आज झाले नाही, तर उद्याच्या अभ्यासकापुढे मृगयेचे शास्त्र राहील, शिकारीच्या कथा राहतील आणि पारधीचा मात्र गुन्ह्याच्या नोंदींपुरताच उल्लेख उरेल.