मोबाईल आणि त्याचे रिचार्ज : निवड कशी करावी?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील मोबाईल फोनवरून झालेले हे पहिले संभाषण होय. त्या काळी एका मिनिटाच्या बोलण्यास कित्येक रुपये पडत, आणि दुसऱ्याने केलेला फोन नुसता उचलला तरी उचलणाऱ्याच्या खात्यातून पैसे जात. मे २००३ मध्ये येणारे कॉल विनामूल्य झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने केवळ ४-जी तंत्रावरील सेवा सुरू केली, आणि त्यानंतर बहुतेक योजनांतून मिनिटाचा दर जवळजवळ नाहीसाच झाला.

त्यामुळे ग्राहकाचे काम सोपे झाले असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मिनिटाला किती पडतात, हा प्रश्न पूर्वी कोणालाही विचारता येत असे व त्याचे उत्तरही एका आकड्यात मिळे. आता बोलणे, संदेश आणि इंटरनेट या तिन्हींची एकच मोट बांधून ती ठराविक दिवसांच्या मुदतीने विकली जाते. त्यातले आपण काय वापरले आणि काय वाया गेले, हे कोठेच दिसत नाही. अनेक कुटुंबे न वापरलेल्या सेवेचे पैसे वर्षानुवर्षे भरीत असतात, ती यामुळेच.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गणपतीस गावी निघतो. आई एकटीच संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहते; तिच्याकडील जुना फोन बिघडला आहे. मुलगा दादरच्या दुकानातून मोठ्या पडद्याचा स्मार्टफोन घेतो, आपण स्वतः वापरतो त्याच कंपनीचे सिम कार्ड त्यात घालतो आणि दररोज दीड जीबी इंटरनेट देणारे रिचार्ज मारून मोकळा होतो. हेतू उत्तम, खर्चही मनापासून केलेला. परंतु घरात रेंज येत नाही, आईला पडद्यावर बोट फिरविणे जमत नाही, आणि चार दिवसांनी मुलगा परतला की फोन कपाटात जातो. या मुलाने नेमके काय करावयास हवे होते, ते क्रमाने पाहू.

प्रथम रेंज, मग बाकी सारे

दूरसंचार सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. त्यांत मुंबई हा स्वतंत्र विभाग असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरा विभाग होतो. प्रत्येक विभागातील लहरींचे परवाने वेगळे आणि टॉवरांची दाटीही वेगळी. म्हणून मुंबईत जी कंपनी उत्तम चालते ती सह्याद्रीच्या कुशीतील वाडीत चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

कमी कंप्रतेच्या, उदाहरणार्थ ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या, लहरी दूरवर जातात व भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींतून माहिती अधिक वेगाने वाहून नेता येते, परंतु त्यांचा पल्ला कमी. मध्ये डोंगर आला तर त्यामागील दरीत दोन्ही दुबळ्या पडतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि घाटावरील पत्र्याची छपरे यांचाही अडथळा होतो. सड्यावर गेल्याखेरीज बोलणे होत नाही, ही तक्रार या कारणाने असते. दोष दर वेळी फोनचा नसतो.

तेव्हा नवे सिम घेण्यापूर्वी शेजाऱ्याचा फोन हाती घेऊन माजघरात, पडवीत, गोठ्यात आणि पाणवठ्यावर बोलून पाहावे. ही चाचणी एकदा दिवसा व एकदा रात्री घ्यावी; वीज गेलेली असताना घेतल्यास अधिकच चांगले, कारण काही ठिकाणी वीज गेल्यावर थोड्याच वेळात टॉवरही मुका होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्रायच्या) २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. ते अवश्य पाहावेत. मात्र नकाशावरील रंग आणि माजघरातील रेंज यांत अंतर असू शकते. जुन्या समजुतींवरही विसंबू नये. भारत संचार निगमच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले आहे. पूर्वी ज्या गावी या कंपनीचे इंटरनेट चालत नसे, तेथे ते आता पुन्हा तपासून पाहण्यास हरकत नाही.

गरजेचे टिपण

दुसरे काम कागद-पेन्सिलीचे आहे. मागील महिन्यात फोन कशासाठी वापरला ते लिहून काढावे. स्मार्टफोन असल्यास सेटिंगमध्ये महिनाभरात किती इंटरनेट खर्ची पडले याचा आकडा मिळतो. मजकुराच्या संदेशांना नाममात्र इंटरनेट लागते. चित्रफिती पाहताना मात्र मध्यम दर्जा ठेवला तरी तासाला अर्धा जीबी किंवा त्याहून अधिक सहज खर्च होते. दररोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. ज्याचा वापर महिन्यास बारा जीबी आहे, त्याचे तीस जीबी दररोज मध्यरात्री थोडेथोडे करून बुडतात; रोजच्या वाट्यातील शिल्लक सामान्यतः पुढील दिवशी मिळत नाही. याउलट महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला सायंकाळीच वाटा संपल्याचा संदेश येत असेल, तर तिच्यासाठी अधिक मोठी योजना घेणे ही उधळपट्टी नव्हे. ‘अमर्याद’ या शब्दाने मात्र भुलू नये. ठरलेला वाटा संपला की इंटरनेट बंद होत नाही एवढेच. त्याचा वेग इतका मंदावतो की त्यावर काही पाहणे व्यवहारतः अशक्य होते.

आपल्या उदाहरणातील आईचे टिपण चार ओळींचे होईल. मुलाचा रात्रीचा फोन, माहेरी व लेकीकडे बोलणे, आजारपणात डॉक्टरांना किंवा ११२ ला फोन, आणि बँकेचे व गॅस सिलिंडरचे येणारे संदेश. यांत इंटरनेट कोठेच नाही.

केवळ बोलण्याची योजना

अशा ग्राहकांसाठी एक महत्त्वाचा बदल झाला आहे आणि तो पुरेसा लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून, इंटरनेट नसलेली, फक्त बोलणे व संदेश यांसाठीची योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीने विशेष योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी ८४ दिवस व ३६५ दिवस अशा मुदतीच्या योजना आणल्या. दुकानदार त्या आपण होऊन क्वचितच सुचवितो, आणि कंपनीच्या ॲपमध्येही त्या यादीच्या तळाशी सापडतात. ‘नेट नसलेला, नुसत्या बोलण्याचा पॅक’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. मात्र इंटरनेटसह असलेल्या योजनेशी त्याची दिवसागणिक तुलना करूनच पैसे द्यावेत. फरक अगदी किरकोळ असेल तर आग्रह धरण्याचे कारण नाही.

दिवसाचा भाव

ही तुलना कशी करावी? किमतीस दिवसांनी भागावे, एवढेच. समजा, एक योजना २८ दिवसांना २०० रुपये अशी आहे आणि दुसरी पूर्ण महिन्याला २१० रुपये. पहिली स्वस्त वाटते. परंतु २८ दिवसांची योजना वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा भरावी लागते. तेरा वेळा २८ म्हणजे ३६४ दिवस. तेव्हा पहिल्या योजनेचे वर्षाला २,६०० रुपये होतात आणि दुसरीचे २,५२०. (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर बदलत असतात. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी ते बरेच वाढविले.) पगार महिन्याने येतो, भाडे महिन्याने जाते, आणि रिचार्ज तेवढे चार आठवड्यांनी, या व्यवस्थेविषयी ग्राहकांच्या तक्रारी होत्याच. त्यांची दखल घेऊन ट्रायने २७ जानेवारी २०२२ च्या आदेशान्वये प्रत्येक कंपनीस ३० दिवसांची किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण करता येईल अशी किमान एक योजना ठेवण्यास सांगितले. तीही मागावी लागते.

वर्षाची योजना दिवसाच्या भावात बहुधा सर्वांत स्वस्त पडते. पण सेवा पसंत न पडून मध्येच कंपनी बदलली, तर उरलेली मुदत व शिल्लक परत मिळत नाही. रेंजची खात्री झालेल्या, क्रमांक बदलण्याचा विचार नसलेल्या माणसानेच ती घ्यावी. हाती रोख कमी असलेल्या शेतकऱ्याने पीक विकल्यावर वर्षाचे रिचार्ज एकदम करणे, हा विचारही वावगा नाही.

आता हँडसेट

ज्याची निवड आपण प्रथम करतो, त्याचा क्रम खरे पाहता शेवटचा आहे. बटणांचा साधा फोन हा गरिबाचा फोन, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती सोडून द्यावी. मोठी बटणे, खणखणीत आवाज, बॅटरीचा उजेड आणि एकदा चार्ज केल्यावर कित्येक दिवस टिकणारी बॅटरी ही पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसणाऱ्या गावी मोठीच सोय आहे. शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक साध्या फोनवरून लागतो. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३पे’ या सोयीमुळे इंटरनेटविना पैसेही पाठविता येतात.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. केवळ २-जी वर चालणारा फोन ४-जीचेच जाळे असलेल्या कंपनीच्या सिमवर चालत नाही. अशा कंपनीची रेंज गावी चांगली असेल, तर ४-जीवरून बोलण्याची सोय असलेला बटणांचा फोन घ्यावा. हे न पाहता फोन व सिम वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्यास दोन्ही निर्दोष असूनही एकमेकांस उपयोगी पडत नाहीत.

स्मार्टफोनच घ्यावयाचा असेल, तर कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा तीन गोष्टी अधिक पाहाव्यात : सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे काय, आणि साठवणीची जागा किती. सुप्रभातीच्या चित्रांनी भरून गेल्यामुळे ‘बिघडलेले’ फोन दुरुस्तीस येतात, हे कोणताही दुकानदार सांगेल. ५-जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. गावी ती आलेली नसली, तरी चार-पाच वर्षे वापरावयाचा फोन ५-जीचा घेणे शहाणपणाचे; मात्र तेवढ्याचसाठी चालता फोन टाकून देऊ नये.

जुना फोन विकत घेताना पैसे देण्यापूर्वी त्यावर *#०६# दाबावे. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक येतो. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तो घालून पाहिल्यास फोन चोरीस गेलेला म्हणून बंद केलेला आहे काय, हे कळते.

क्रमांक तोच, कंपनी दुसरी

गावी रेंज नाही हे उशिरा लक्षात आले, तरी क्रमांक बदलण्याचे कारण नाही. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा संकेत येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा, अन्य कोणासही सांगू नये. एका कंपनीत ९० दिवस पूर्ण झाल्याविना पुन्हा कंपनी बदलता येत नाही, हे ध्यानी ठेवून दुसरी निवड सावधपणे करावी. सेवेविषयी तक्रार असल्यास १९८ वर नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. निराकरण समाधानकारक न झाल्यास त्या क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

क्रमांक जपण्यास इतके महत्त्व कशासाठी? आधार, बँक आणि गॅस यांचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. रिचार्ज फार दिवस राहिले तर क्रमांक बंद होतो आणि बंद झाल्यापासून ९० दिवसांनंतर तो अन्य ग्राहकास दिला जाऊ शकतो. मग आईच्या खात्याचा संदेश कोणा परक्याच्या फोनवर जाऊ लागतो, आणि आधारमधील क्रमांक बदलण्यासाठी तिला तालुक्याच्या केंद्रावर हेलपाटे घालावे लागतात. सिम कार्डही शक्यतो आईच्याच नावावर घ्यावे. मुलाच्या नावावरील सिम हरवले, तर ते पुन्हा मिळविण्यास त्यालाच मुंबईहून यावे लागेल. रिचार्ज मुलाने मुंबईतून करावे, पण मुदत संपण्याची तारीख आईच्या घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेन्सिलीने खूण करून ठेवावी. एखादे वेळी त्याच्या लक्षात राहिले नाही, तर तीच त्याला फोन करून आठवण देईल.