नाव केमिस्ट्रीला, मन नीटला

पालकहो, प्रवेशाच्या दिवसांत आमच्या विभागाच्या दाराशी एक वाक्य फार वेळा ऐकू येतं : "सर, नीटला यंदा थोडक्यात गेलं. पुढच्या वर्षी होईलच, तोवर बी.एस्सी.ला नाव टाकून ठेवतोय." तुम्ही हे बोलता तेव्हा मूल शेजारीच उभं असतं. पुढचं वर्ष काही खरं नाही, एवढंच त्याला त्यातून कळतं. मला आज याच वर्षाबद्दल बोलायचं आहे, कारण केमिस्ट्रीच्या पदवीत ते पक्कं मोजलं जातं, तेही तासांच्या हिशेबाने.

हिशेब असा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांत १२० ते १३२ जमले की पदवी, आणि चौथं वर्ष पुरं करून १६० ते १७६ जमले की ऑनर्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर मुलाने ६० तास प्रयोगशाळेत उभं राहायचं आहे. थिअरी बुडली तर नोट्स मिळतात. प्रॅक्टिकलच्या नोट्स नसतात.

हे सगळे क्रेडिट केमिस्ट्रीचे नसतात, आणि यावरून तुमच्यापैकी अनेक जण वैतागतात. मुख्य विषय केमिस्ट्री, जोडीला एक दुय्यम विषय, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, कौशल्याचे कोर्स, आणि साधारण तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव. यातले काही कोर्स मलाही उगाच घुसडल्यासारखे वाटतात. पण दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह राहिला तरी पदवी अडते, तेव्हा "त्यात काय विशेष" असं घरात म्हणू नका.

आता खरी अडचण. नीटचा क्लास आणि आमचं प्रॅक्टिकल, दोन्ही एकाच वेळी येतात. मग मूल प्रॅक्टिकल सोडतं. सत्राच्या शेवटी जर्नल सर्टिफाय करायची वेळ येते तेव्हा ते मित्राच्या जर्नलवरून एका रात्रीत उतरवलेलं असतं. आम्हाला हे कळतं. टायट्रेशनची तिन्ही रीडिंग १०.२, १०.२, १०.२ अशी ओळीने असतात आणि शेजारच्या रोल नंबरचीही तीच असतात. ज्याने खरोखर ब्युरेट धरली आहे त्याच्या वहीत पहिलं रीडिंग १०.७ असतं, कारण तोटी बंद करायला त्याचा हात अर्धा क्षण उशिरा वळला आणि फिनॉल्फथॅलिनचा फिका गुलाबी रंग एकदम गडद झाला. दुसरं रीडिंग १०.३, तिसरं १०.२, मग पुन्हा १०.२, आणि तेव्हा कुठे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग मिळतं. मला त्या १०.७ चं जास्त कौतुक आहे.

यात शिक्षकी खाष्टपणा आहे असं वाटेल. पण हीच मुलं पुढे तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात. तिथे औषधाच्या बॅचचं रीडिंग न घेता लिहिलं तर नोकरी जाते, आणि ते उघडकीला आलं तर कंपनीचा मालही परत येतो. प्रथम वर्षात रीडिंग उतरवायची सवय लागलेला मुलगा तिथे अचानक बदलतो असं मी पाहिलेलं नाही. म्हणून घरातलं लग्न, बारसं, मामाकडची जत्रा याला मुलाला जरूर न्या, पण प्रॅक्टिकलचा दिवस टाळून. हुकलेलं प्रॅक्टिकल पुन्हा लावायला अ‍ॅसिड, वेळ आणि माणूस तिन्ही लागतात.

दुसरी गोष्ट गणिताची. बारावीला बायॉलॉजी घेऊन गणित सोडलेल्या मुलालाही बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो, आणि "केमिस्ट्रीत कुठे गणित?" असं म्हणून सगळे निश्चिंत होतात. थर्मोडायनॅमिक्स सुरू झालं की डेरिव्हेटिव्ह येतात, कायनेटिक्समध्ये इंटिग्रेशन येतं. आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्यासाठी जी जॅम परीक्षा देतात, तिच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमातही गणिताच्या संकल्पना आहेत. ज्यांच्या कॉलेजात दुय्यम विषय म्हणून गणित किंवा फिजिक्स मिळतं त्यांनी ते घ्यावं, असं माझं मत. मुलं बहुधा मित्र जे घेतो ते घेतात.

मुख्य आणि दुय्यम विषयाची ही रीत काही नवी नाही. कमला सोहोनी, त्या वेळच्या कमला भागवत, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या त्या केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स दुय्यम घेऊनच. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. शेवटी अटींवर घेतलं गेलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. "मुलगी आहे, प्रयोगशाळेत अ‍ॅसिड असतं" म्हणून कचरणाऱ्या आईबाबांना मी हे सांगतो. सुती एप्रन, बांधलेले केस, बंद बूट आणि चष्मा, एवढं मुलीलाही लागतं आणि मुलालाही.

चौथ्या वर्षाचं थोडक्यात सांगतो. नोकरी करायची असेल तर तीन वर्षांवर थांबायला हरकत नाही. संशोधनाची ओढ असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवून संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. सगळ्या कॉलेजांत चौथ्या वर्षाची सोय नसते. प्रवेश घेण्याआधीच विचारा.

मग नीटचं काय? वर्षभर फक्त नीटच करायचं असेल तर सरळ ड्रॉप घ्या, तो निदान प्रामाणिक मार्ग आहे. आणि बी.एस्सी.ला आलातच तर पहिलं वर्ष मनापासून करू द्या. पुढच्या वर्षी मेडिकलला नंबर लागला तरी केलेलं वाया जात नाही : मिळवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मुलाच्या नावावर राहतात. वर्षभराचे ४० ते ४४ क्रेडिट आणि वरचा चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या आत पदवी पुरी करायची मुभाही आहे. नापास विषयांवर मात्र यातलं काहीच मिळत नाही.

प्रवेश घेताना तुम्ही फी विचारता, होस्टेल विचारता. एकदा प्रयोगशाळाही दाखवा म्हणा. एका बॅचला किती मुलं, प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट मिळते का, डोळे धुवायची सोय कुठे आहे, फ्यूम हूड चालतं की त्यात जुनी जर्नलं रचून ठेवली आहेत. असं विचारणाऱ्या पालकांसमोर आम्ही जरा बिचकतो. बिचकू द्या.