कादंबरीसाठी आशयसूचना अशी लिहा

कादंबरी लिहून झाली, मुद्रितं हातात आली. आता एकच पान राहिलंय, आशयसूचनेचं: कादंबरीत कोणते जड प्रसंग येतात हे वाचकाला आधीच सांगणारं. ते मनापासून लिहायचंय. ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय, त्याला ही कादंबरी आज वाचायची की सहा महिन्यांनी, हे ठरवता यायला हवं. एका दुपारचं काम आहे. चला, बसूया.

जवळ ठेवा: शेवटचं मुद्रित, पिवळा आणि हिरवा हायलायटर, वही, आणि कादंबरी न वाचलेला एक मित्र.

१. मुद्रित पहिल्या पानापासून वाचा. आठवणीवर विसंबू नका. स्वतःचे प्रसंग सवयीचे झालेले असतात आणि नेमके तेच सुटतात.

२. प्रत्यक्ष घडणारे जड प्रसंग पिवळे करा: आत्महत्या, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, जातीय हिंसा, मुलाचा मृत्यू, प्राण्यांचा छळ. शंका आली तर पिवळं कराच. नंतर गाळता येतं.

३. नुसते उल्लेख हिरवे करा. संवादातली जातिवाचक शिवी इथेच निसटते, तेव्हा संवाद सावकाश वाचा.

४. वहीत दोन रकाने आखून यादी उतरवा: ‘सविस्तर’ आणि ‘उल्लेख’. हे दोन्ही एकत्र करू नका. ओझरता उल्लेख सोसणारा वाचक चार पानांचं वर्णन सोसेलच असं नाही.

५. प्रत्येक विषयाला त्याच्या सरळ नावाने लिहा. ‘काही विचलित करणारे प्रसंग’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. ‘अब्रू लुटणे’ तर मुळीच नको. तो शब्द सोसणाऱ्या बाईवरच डाग ठेवतो. ‘लैंगिक अत्याचार’ लिहा.

६. आत्महत्येचा विषय असेल तर सूचनेतून पद्धत, साधन आणि जागा खोडा. नुसतं ‘आत्महत्या’ पुरतं.

७. पात्रांची नावं आणि नाती काढून टाका. ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीसाठी सूचना लिहायची झाली, तर ‘नायकाच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू’ असं नको. ‘लहान मुलाचा आजारपणात मृत्यू आणि त्यानंतरचा शोक’ लिहा. वाचक सावध होतो, कथानकही झाकलेलं राहतं.

८. आता सगळं दोन वाक्यांत जोडा. हे असं:

‘वाचकांसाठी: या कादंबरीत घरगुती मारहाण आणि एका आत्महत्येनंतरचा शोक सविस्तर येतो. गर्भपात आणि जातिवाचक शिव्या यांचा उल्लेख आहे.’

तिसरं वाक्य सुचलं तर हात आवरा. तिथून प्रस्तावना सुरू होते.

९. माफी आणि समर्थन खोडा. ‘कथेची गरज म्हणून’ किंवा ‘भावना दुखावल्यास क्षमस्व’ यांचं इथे काम नाही.

१०. आत्महत्येचा विषय असेल तर खाली मदतीचा क्रमांक द्या. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत मिळते. छपाईआधी क्रमांक स्वतः फिरवून बघा. चुकलेला आकडा पुस्तकात कायमचा राहतो.

११. मित्राला सूचना वाचायला देऊन विचारा, ‘गोष्टीत काय होईल असं वाटतं?’ त्याने शेवट ओळखला तर सातव्या पायरीवर परत या.

१२. सूचनेला अर्पणपत्रिकेनंतर, पहिल्या प्रकरणाआधी स्वतंत्र पान द्या. प्रकाशकाचा पत्ता आणि हक्कांच्या बारीक मजकुरात ती दडपू नका; तिथे कुणाची नजर जात नाही.

१३. मलपृष्ठाच्या तळाशी एक ओळ टाका: ‘आशयसूचना पान ७ वर.’ ज्याला आधी काहीच कळायला नको असतं, तो ते पान उलटून पुढे जातो. पानाचा आकडा मात्र मांडणी पक्की झाल्यावरच भरा.

१४. ऑडिओबुक निघणार असेल तर सूचना सुरुवातीलाच वाचायला लावा. ऐकणाऱ्याला पान चाळता येत नाही.

आता छपाईला सोडा. सूचना वाचून कुणी पुस्तक आज मिटलं तर वाईट वाटून घेऊ नका. तयारी झाली की तोच वाचक ते पुन्हा उघडू शकतो. पुढच्या कादंबरीतही हे पान नक्की ठेवा.