कागदावर न लिहिलेली लस

पेट स्कॅनचा रिपोर्ट मी रिक्षातच उघडला, ही पहिली चूक. उजव्या काखेतल्या ग्रंथी उजळल्यात, कॅन्सर पसरला आहे का ते तपासावं, असं लिहिलेलं. ऑपरेशन तर डाव्या स्तनाचं झालेलं! घर येईपर्यंत मनातल्या मनात माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या तेही ठरवून झालं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "लस कधी घेतलीत?"

दहा दिवसांपूर्वी. 2021 साल, कोविडची लस. डावा हात जपायचा म्हणून उजव्या दंडात.

पेट स्कॅनमध्ये कॅन्सर दिसतो असं आपण धरून चालतो. खरं तर कुठल्या पेशी किती साखर खातात, ते दिसतं. शिरेतून एफडीजी नावाचं ग्लुकोजसारखं औषध देतात. त्यातल्या फ्लोरिन-18चा किरणोत्सर्ग साधारण 110 मिनिटांत निम्मा होतो. कॅन्सरच्या पेशी खादाड, म्हणून तिथे ते जास्त साठतं. पण खादाड त्या एकट्याच नाहीत. लशीनंतर कामाला जुंपलेल्या ग्रंथी, दाढेतला पू, ऑपरेशनची ताजी जखम, रेडिएशननंतरची सूज, सगळंच उजळतं. क्षयाच्या गाठी तर कधी कधी हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात. स्कॅनआधी थंडीनं कुडकुडलात तर मानेजवळची चरबी उजळते, आदल्या दिवशी जोरात व्यायाम केला तर स्नायू. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आतड्यात इतका उजेड पाडतं की खरी गाठ त्यात लपू शकते. (म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

सेंटरच्या फॉर्मवर ऑपरेशनची तारीख होती, मधुमेहाचा रकाना होता, लशीचा नव्हता. आणि मीही शहाणी, विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आता माझा कागद तयार असतो: कुठली लस, कोणत्या दंडात, कधी, ताप, खोकला, दातदुखी, पूर्वी क्षय झाला होता का, चालू गोळ्या. शिवाय जुन्या स्कॅनची सीडी. तातडी नसेल तर लस आणि स्कॅन यांत काही आठवडे जाऊ देता येतील का, तेही विचारते.

डॉक्टरांनीही नुसतं लशीवर ढकललं नाही. सोनोग्राफी केली, सहा आठवड्यांनी पुन्हा केली. ग्रंथी ओसरल्या होत्या.

नणंदेचा स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. काल फोनवर म्हणाली, दाढ ठणकतेय. म्हटलं, आधी ते कागदावर लिही.