कापडावरचे शेत

लाओस देशाच्या डोंगरांत ह्मोंग लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करीत. कोरड्या दिवसांत रान तोडावयाचे, वाळल्यावर जाळावयाचे आणि पाऊस येताच त्या राखेत भात व मका पेरावयाचा, ही त्यांची रीत कोकणातील कुमरीसारखीच होय. पुरुष टोकदार काठीने भोके पाडीत पुढे जात. मागून स्त्रिया दाणे टाकीत. पहाटे पायाने चालविण्याच्या उखळावर भात कांडला जाई. काही वर्षांनी जमिनीचा कस गेला की नवे रान शोधावे लागे.

सन १९७५ मध्ये लाओसात राज्यक्रांती झाली. तेव्हापासून हजारो ह्मोंग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडातील निर्वासित छावण्यांत आली. पुढे पुष्कळजण अमेरिकेस गेले. शेत मागे राहिले. सुई मात्र सोबत आली. छावणीत स्त्रियांनी कापडावर पेरणी, कापणी, पाठीवरची टोपली आणि ती नदीही भरतकामाने रेखाटली. शेत कधीही न पाहिलेल्या मुलांना ते या कापडावर पाहावयास मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरची पेरणी, कांडण व दळण कसे होत असे, हे आपण आजीआजोबांस कधी विचारले आहे काय? ते सांगावयास आहेत तोवरच आपण ते लिहून ठेवू या.