रेफ्रिजरेटरची वाटचाल : बर्फगृहापासून शेताच्या बांधापर्यंत

फळे व भाजीपाला काढणीनंतरही सजीव असतात. त्यांचे श्वसन चालू राहते, साठवलेली साखर खर्च होते आणि उष्णता बाहेर पडते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणपणे दोन ते तीन पट होतो. शीतगृह उपलब्ध असूनही माल खराब होतो, तेव्हा दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो. माल तापलेल्या अवस्थेतच आत गेलेला असतो. यंत्र थंडी ‘तयार’ करीत नाही, ते उष्णता बाहेर काढते. रेफ्रिजरेटरच्या इतिहासातून हे तत्त्व स्पष्ट होते.

बर्फाचा व्यापार

१८३३ मध्ये बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ ‘टस्कनी’ या जहाजातून कोलकात्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १८० टनांपैकी १०० टन बर्फ शिल्लक राहिला. हे उष्णतारोधनामुळे शक्य झाले. पुढे मुंबई व चेन्नई येथेही बर्फगृहे उभी राहिली. चेन्नईतील बर्फगृहाची इमारत आज ‘विवेकानंद हाऊस’ म्हणून ओळखली जाते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. शीतयंत्राची क्षमता आजही ‘टन’ या एककात सांगतात, ती या बर्फाचीच आठवण आहे. एक अमेरिकी टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट, ही एक टन क्षमता होय.

यंत्राचा जन्म

द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता घेतो, या तत्त्वावर स्कॉटलंडमधील विल्यम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ईथरचे बाष्पीभवन करून शीतकरण दाखविले. १८३४ मध्ये जेकब पर्किन्स यांनी बाष्प-संपीडन यंत्राचे पेटंट घेतले. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारी यंत्रे विकसित केली. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ जहाजाने न्यूझीलंडचे गोठविलेले मांस इंग्लंडला सुस्थितीत पोहोचविले आणि नाशवंत मालाला दूरची बाजारपेठ खुली झाली.

यंत्राची मूळ रचना आजही तीच आहे. शीतक आतल्या नळ्यांत वाफ होऊन उष्णता घेतो, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, बाहेरच्या नळ्यांत ती उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते. बदलला तो मुख्यतः शीतक. आरंभीचे अमोनिया व सल्फर डायऑक्साइड विषारी असल्याने १९३० च्या सुमारास फ्रिऑन वायू आले. ते ओझोन थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आला. आज अनेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. भारतात १९५८ मध्ये गोदरेजने रेफ्रिजरेटरचे उत्पादन सुरू केले.

विजेशिवाय शीतकरण

आपल्या घरातील माठ याच तत्त्वावर चालतो. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ही सर्व उष्णता १०० किलो भाजीपाल्यातून घेतल्यास त्याचे तापमान सुमारे ६ अंशांनी उतरेल. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष हा याच विचाराचा विस्तार आहे. विटांच्या दुहेरी भिंतींत सुमारे ७.५ सेंमी अंतर ठेवून त्यात नदीची वाळू भरतात, वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवितात आणि वर वाळ्याचे किंवा बांबूचे ओले झाकण ठेवतात. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावत असल्याने लाभ मर्यादित असतो. म्हैसूर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने फळांवरील मेणाच्या लेपाचेही तंत्र दिले. केवळ यंत्रावर विसंबून न राहण्याची ही दिशा लहान शेतकऱ्यास उपयुक्त आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाचे मुद्दे

१. काढणी पहाटे अथवा सकाळी लवकर करावी व माल त्वरित सावलीत न्यावा. दुपारी तापलेल्या मालातील उष्णता काढण्याचा खर्च शेवटी शेतकऱ्यावरच पडतो.

२. निर्यातीच्या द्राक्षांचे पूर्वशीतकरण शक्यतो काढणीनंतर चार ते सहा तासांच्या आत सुरू करावे. साठवण खोली थंडावा टिकविण्यासाठी असते. तापलेला माल जलद थंड करण्याची तिची क्षमता नसते.

३. क्रेटच्या थप्प्यांमध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी.

४. प्रत्येक पिकाचे तापमान वेगळे असते. द्राक्षे शून्य अंशाच्या जवळ टिकतात. परंतु केळी १३ अंशांखाली ठेवल्यास साल काळवंडते. कच्चा आंबा व हिरवे टोमॅटो यांनाही अतिथंडीची इजा होते.

५. पिकणारी केळी व आंबे इथिलीन वायू सोडतात; त्यांच्यासोबत पालेभाज्या ठेवू नयेत.

६. साखळी मध्येच तुटू देऊ नये. थंड माल उघड्यावर आल्यास त्यावर दव धरते व बुरशीला वाव मिळतो.

शीतगृहाची मागणी करण्यापूर्वी गावातील काढणीची वेळ, सावली व वाहतूक तपासावी. शीतसाखळीची पहिली कडी शेताच्या बांधावर असते आणि ती मजबूत करण्यास बहुधा विजेची गरज लागत नाही.