पित्ताची गोळी, पंप आणि व्हायरस

मेसमध्ये मिसळ झाली की रात्री विंगमध्ये एकच हाक ऐकू येते, "कोणाकडे पित्ताची गोळी आहे का रे?" आणि असतेच. ओमेप्राझोल नाहीतर पॅन्टोप्राझोल. सबमिशनच्या आठवड्यात तर आमच्यातले काहीजण चहाबिस्किटासारखी घेतात. मीही घ्यायचो.

मेकॅनिकलवाल्यांनो, खूश व्हा. जठराच्या भिंतीत खरोखरच पंप असतात. प्रत्येक पंप एक हायड्रोजन आयन बाहेर फेकतो आणि एक पोटॅशियम आयन आत घेतो. पेशीतल्यापेक्षा बाहेर हायड्रोजन आयन साधारण दहा लाख पट जास्त असतात, तरी उलट्या दिशेनं पंपिंग चालूच! ही गोळी त्या पंपाला जाऊन कायमची चिकटते. औषध काही तासांत रक्तातून निघून जातं, पण नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. ती फक्त चालू पंपांना पकडते, म्हणून नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. रात्री दोनला मिसळीवर घेऊन लगेच आराम पडेल ही अपेक्षाच चूक.

उपाशी पोटी जठराचा पीएच १ ते २ असतो, गोळीनं तो ४ च्या वर जातो. लॉग स्केल आठवा. दीडाचा साडेचार झाला म्हणजे आम्ल हजारपटीनं कमी झालं. हे आम्ल म्हणजे तोंडावाटे येणाऱ्या जंतूंसाठीचा चेकनाका. पोलिओचा व्हायरस तिथून सहीसलामत सुटतो, सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस मरतो. मग नाका बंद केला तर श्वसनाचे आजार वाढतील का?

२००४ साली नेदरलँड्समधल्या साडेतीन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या गोळ्या चालू असलेल्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे १.९ पट दिसला. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत ५३,१३० लोकांचा ऑनलाइन सर्व्हे झाला. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्यांमध्ये कोरोना झाल्याचं सांगण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त निघाली. बातमी व्हॉट्सअॅपवर पोचायला कितीसा वेळ लागणार?

पण थांबा. कोरियात टेस्ट केलेल्या १,३२,३१६ लोकांच्या नोंदींमध्ये गोळी आणि कोरोनाची लागण यांचा संबंध सापडला नाही. लागण झालेल्यांपैकी गोळी चालू असलेल्यांना आजार जास्त गंभीर झाला, एवढं मात्र दिसलं. आता इथे कारण कोणतं आणि परिणाम कोणता? गोळी घेणारे बरेचदा आधीच आजारी किंवा वयस्कर असतात. शिवाय न्यूमोनियाची सुरुवात छातीतल्या दुखण्याखोकल्यानं होते, लोक ते पित्त समजून गोळी घेतात. ब्रिटनमधल्या नोंदींवर २००८ मध्ये आलेला अभ्यास फार बोलका आहे. गोळी सुरू करून दोन दिवसही न झालेल्यांमध्ये न्यूमोनियाशी संबंध सर्वांत जास्त, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये जवळपास नाही. दोन दिवसांत औषध न्यूमोनिया कसा करेल? चिठ्ठी टाकून गट पाडलेला मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७,५९८ हृदयरोग्यांपैकी अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल, अर्ध्यांना खोटी गोळी. सरासरी तीन वर्षांत न्यूमोनियात फरक नाही. आतड्यांचे संसर्ग थोडे वाढले, १ टक्क्याचे १.४. प्रयोग कोरोनाआधीचा, त्यामुळे व्हायरसचं थेट उत्तर त्यात नाही. पण सर्व्हेपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

हे सगळं शोधायचं कारण बाबा. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, रोज अॅस्पिरिन, आणि जठर सांभाळायला ही गोळी. २०२० मध्ये तो मेसेज वाचून त्यांनी कोणालाही न विचारता ती बंद केली. "कोरोना नको बाबा," म्हणाले. अॅस्पिरिन मात्र चालू! काही आठवड्यांनी संडासला काळं व्हायला लागलं, चक्कर आली. पोटात रक्तस्राव झाला होता. भर लॉकडाऊनमध्ये त्यांना रक्त द्यावं लागलं. मी तेव्हा दहावीत होतो, मेसेज मीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा माझंही सांगितलं. डॉक्टरांनी बाबांची गोळी चालू ठेवली आणि माझी बंद करायला लावली. एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं, म्हणून हळूहळू. सध्या एक दिवसाआड घेतो, आणि मिसळीवर तर्री कमी.